बेसबॉलची जुनी रेडिओ कॉमेंट्री: आधी स्कली की हार्वेल?

अमेरिकेत येऊन बेसबॉलची गोडी लागू पाहणाऱ्या आपल्या मंडळींना मी सांगतो, टीव्हीच्या आधी जुनी रेडिओ कॉमेंट्री ऐका. मग हमखास विचारलं जातं, सुरुवात कोणापासून करू? माझ्या मते नावं दोनच: डॉजर्सचे विन स्कली आणि डेट्रॉइट टायगर्सचे अर्नी हार्वेल. गंमत म्हणजे १९५० साली हार्वेल ब्रुकलिनच्या डॉजर्सना सोडून गेले आणि त्या जागी तरुण स्कली आले. ते थेट २०१६ पर्यंत राहिले.

स्कली एकट्याने बोलत, शेजारी दुसरा कोणी नसे. पुढे डॉजर्स ब्रुकलिनहून लॉस एंजेलिसला गेले. तिथल्या प्रचंड कोलिझियममध्ये मागच्या रांगांना खेळाडू धड दिसत नसत, म्हणून लोक ट्रान्झिस्टर घेऊन मैदानात यायचे. १९६० मध्ये स्कलींनी रेडिओवरून सुचवलं आणि अख्ख्या स्टेडियमने अंपायरला एका सुरात वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या! त्यांचं एकच काही ऐकायचं असेल तर ९ सप्टेंबर १९६५ च्या सामन्याची नववी, म्हणजे शेवटची, इनिंग ऐका. डॉजर्सचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, सँडी कूफॅक्सचा परफेक्ट गेम, म्हणजे समोरचे सत्तावीसच्या सत्तावीस बाद, एकही बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावरही, पोचला नाही. कूफॅक्स टोपी काढतो, केसांतून बोटं फिरवतो, कपाळावरचा घाम बोटाने निपटून पँटला पुसतो. हे सगळं स्कली सांगत राहतात आणि आपलाच श्वास अडकतो. शेवटचा बॅटर बाद झाल्यावर ते गप्प होतात, बराच वेळ नुसता प्रेक्षकांचा जल्लोष. मग घड्याळातली वेळ सांगतात: ९ वाजून ४६ मिनिटं.

हार्वेल १९६० ते २००२ टायगर्सबरोबर होते, मधलं १९९२ तेवढं वगळून. बोलण्यात दक्षिणेकडचा संथ हेल. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला ते बायबलमधल्या, थंडी सरल्याच्या ओळी म्हणत. बॅट न हलवता बाद झालेला बॅटर ‘रस्त्याकडेच्या घरासारखा उभा राहिला’. फाउल बॉल, म्हणजे रेषेबाहेर टोलवलेला चेंडू, गॅलरीत गेला आणि झेलला कोणी, तर इप्सिलँटीच्या माणसाने! दर वेळी डेट्रॉइटच्या मिशिगन राज्यातलं वेगळंच गाव. तो माणूस कुठला हे त्यांना कुठून कळणार, पण आपल्या गावाचं नाव ऐकून लोक हरखून जात. दोन पिचमध्ये, म्हणजे चेंडूच्या दोन फेकींमध्ये, ते खुशाल थांबतात, तेवढ्यात मैदानावरची कुजबुज कानावर येते. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांची मराठी क्रिकेट कॉमेंट्री ऐकत वाढलेल्यांना हा घरगुतीपणा लगेच भावेल.

खेळाचे नियम अजून पक्के नसतील तर बेधडक स्कली घ्या, ते पिचगणिक चित्र उभं करतात. नियम येत असतील आणि रोज संध्याकाळी सोबत हवी असेल तर हार्वेल. मला स्वतःला हार्वेल अधिक जवळचे, स्कलींची थोरवी पुरती मान्य करूनही. फक्त हार्वेलचे निवडक तुकडे शोधत बसू नका. अख्खा सामना लावा आणि खुशाल भाजी निवडायला घ्या.