समुद्रात कोसळणारा धबधबा आणि आमचे २०,७९७ रुपये

कोकण सहलीच्या नावाखाली आम्हा चौघांना ऑनलाइन गंडवलं. आधी हिशेब देते, म्हणजे "जाऊ दे, थोडक्यात सुटलात" म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील. सीट धरायला २,०००. अर्ध्या अ‍ॅडव्हान्सचे उरलेले ८,९९८. परवानगी आणि विम्याच्या नावाने ४,८००. आणि "पैसे परत करतो" म्हणत वरून आणखी ४,९९९.

जाहिरात फेसबुकवर दिसली. सातारा ते कोकण, दोन दिवस, माणशी ५,४९९, जेवणखाण धरून, पोवई नाक्यावरून पिकअप. व्हिडिओत उंच कड्यावरून धबधबा थेट समुद्रात पडतोय, पुढ्यात माणसांनी भरलेली बोट. सासूबाई म्हणाल्या, "ठोसेघर किती वेळा बघायचं? हे बघू." यात संशय घेण्यासारखं काय होतं सांगा. कुंभार्ली घाट उतरला की कोकण, आणि पावसाळ्यात तिकडे कड्याकड्यावरून पाणी पडतंच. माणूसही गोड बोलणारा, वाक्यावाक्याला "ताई".

पण व्हिडिओतलं पाणी निळंशार होतं हो! जुलै महिन्यात! माझं आजोळ चिपळूणचं. या दिवसांत समुद्र कसा गढूळ, पिसाळलेला असतो ते मी लहानपणापासून बघतेय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. किल्ल्यांवर माणसं नेणाऱ्या होड्यासुद्धा पावसाळ्यात वर ओढून झाकून ठेवतात. मी विचारलंसुद्धा, "आत्ता बोट कशी चालेल?" तर म्हणे, "ताई, आपल्याकडे स्पेशल परमिशन आहे." आणि त्याच परमिशनचे माणशी १,२०० मागितले. यूपीआयवर नाव आलं कुठल्यातरी किराणा स्टोअर्सचं. पिनचे दोन आकडे टाकून मी थांबले होते. "पार्टनरचं खातं आहे, ताई." मागे मुलगी बॅग भरत होती, टाकले उरलेले आकडे. पैसे घेणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर समोरचा काहीही सांगो, तिथेच थांबा.

पहाटे नाक्यावर कुणी आलं नाही. आधी "गाडी उंब्रजला बंद पडलीय", मग "रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करा". हे शेवटचं कर्तृत्व मात्र आमच्या ह्यांचं. पैसे यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. बँकेत नोकरी केलेल्या माणसालाही पहाटे साडेपाचला हे सुचलं नाही.

व्हिडिओ कुठला ते नंतर मुलीने फोटो सर्चवर शोधलं. तुर्कस्तानातल्या अंताल्या शहराचा खालचा दुदेन धबधबा, साधारण ४० मीटरवरून भूमध्य समुद्रात पडणारा. तिथे बोटी खरंच जातात. म्हणजे धबधबा खरा, बोट खरी, फक्त कुंभार्ली घाटातून तिथे जाता येत नाही.

आता पुढची कथा. पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, आधी ऑनलाइन तक्रार करा, प्रिंट घेऊन या. प्रिंट नेली तर साहेब बंदोबस्तावर. एका हवालदाराने तर विचारलं, "वहिनी, साताऱ्यात धबधबे कमी पडले का?" हसले सगळे. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमच्या संमतीचा. अर्ज द्या. अर्जाला पोच मागितली तर कपाळाला आठ्या! ज्या खात्यात पैसे गेले ते त्याच दिवशी गोठवलं असतं तर काही तरी हाती लागलं असतं, पण एवढी साधी गोष्ट करायची कुणी, यावरच सगळ्यांची टोलवाटोलवी. आम्ही या खिडकीतून त्या खिडकीत फिरेपर्यंत त्याने पैसे काढूनही घेतले असतील. तुमच्यावर वेळ आली तर ठाण्याची पायरी चढण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, पहिल्या तासात. आणि चॅट डिलीट करू नका. रागाच्या भरात ह्यांनी केलं.

ते पेज नाव बदलून अजून चालू आहे. व्हिडिओ तोच, दर आता माणशी ४,९९९, पिकअप कराडहून. मी खाली खरं काय ते लिहिलं, तर कमेंट उडवून मला ब्लॉक केलं. कराडकरांनो, तुम्हाला दिसलं तर रिपोर्ट करा.