सिगारसाठी लाकडी पेटी की डाळीचा डबा? आणि सेलोफेनचं काय करायचं?

लाकडी पेटीला पाचपैकी दोन. प्लास्टिकच्या डब्याला साडेचार. आता कारणं सांगतो.

दोन्ही वस्तूंनी माझ्याकडे बेळगावचा एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा काढलाय, त्यामुळे बोलायला हरकत नाही. पेटी ऑनलाइन मागवलेली: पन्नासेक सिगार मावतील एवढी, आतून सीडरचं लाकूड, वर काचेचं झाकण, दर्शनी बाजूला पितळी कड्याचं गोल काट्याचं आर्द्रतामापक. किंमत साडेपाच हजारांच्या घरात. कंपनीचं नाव देत नाही. ह्या पेट्या इतक्या नावांनी विकायला आहेत आणि इतक्या सारख्या दिसतात की एकालाच धरून बडवण्यात अर्थ नाही. डबा खडेबाजारातल्या भांड्यांच्या दुकानातला, चारही बाजूंना खटके, झाकणात सिलिकॉनची रिंग, साडेतीनशे-चारशे रुपयांचा. खरं म्हणजे तो तूरडाळीसाठी आणला होता. घरून त्याबद्दल अजून ऐकावं लागतं.

आधी हवेचं बोलू, कारण सगळं तिथंच अडतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर, आणि दक्षिण-पश्चिमेला खानापूर-जांबोटीचं रान. जून लागला की हवा गार पण चिंब. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यांवर बुरशी धरते, मीठ पाणी सोडतं. तेच मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा एवढी कोरडी की जुन्या दाराच्या फळ्यांत फटी पडतात. सिगारला लागते ६५ ते ७० टक्के आर्द्रता, तीही बारा महिने. बाहेरून येणारा सल्ला जवळपास सगळा ओलावा कसा वाढवायचा याचा असतो. आपल्याकडे वर्षातले चार महिने प्रश्न नेमका उलटा असतो, ओलावा बाहेर कसा ठेवायचा. पेटीसोबत जो स्पंजचा गोल तुकडा येतो तो फक्त पाणी सोडू शकतो, ओढून घेऊ शकत नाही. पावसाळ्यात तो पेटीत ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

पेटीची पहिली परीक्षा नोटेची. झाकणात दहाची नोट धरायची, बंद करायचं, ओढायची. अडकली तर बरं, सरकन आली तर झाकण बसत नाही. पुढच्या बाजूला नोट अडकली, बिजागरीच्या बाजूला लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर. माझं उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे नोटेवर समाधान होईना. फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पोलादी पाती, आणून फट मोजली. बिजागरीजवळ ०.३ मिलिमीटरचं पातं आरामात आत जात होतं. एवढी फट आमच्याकडे जॉबमध्ये निघाली तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं. मग रात्री दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. मागून उजेडाची बारीक रेघ, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. उजेड जातो तिथून पावसाळाही आत येणारच की हो.

काट्याच्या मापकाबद्दल थोडक्यात: ते शोभेचं आहे. तपासायची रीत सोपी. बाटलीच्या टोपणात साधं मीठ घ्यायचं, पाण्याचे थेंब टाकून भिजवायचं, ओल्या वाळूइतकंच, पातळ करायचं नाही. टोपण आणि मापक एका झिपच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवायचं. संपृक्त मिठावरच्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा निसर्गाचा नियम. त्याला कंपनीची सही लागत नाही. पेटीचा काटा ६० वर बसून राहिला. दोनशे-तीनशे रुपयांचं डिजिटल मापक ७२ दाखवत होतं, म्हणजे तीन मिळवून वाचायचं, भागलं. कुठलंही मापक घ्या, आधी मिठाला लावा.

सीडरबद्दल मात्र तक्रार नाही. ज्याला स्पॅनिश सीडर म्हणतात ते झाड स्पेनचं नव्हे आणि सीडरही नव्हे. ते मध्य-दक्षिण अमेरिकेतलं, महोगनीच्या कुळातलं, आपल्याकडच्या तूणाचं नातेवाईक. वास सुरेख, ओलावा धरून हळूहळू सोडण्याचा गुण खरा. पेटी मोडीत काढली ती ह्या लाकडामुळे नाही, झाकणामुळे. आतला सीडरचा ट्रे उचलून मी डाळीच्या डब्यात बसवला. एका बाजूने रंधा मारावा लागला एवढंच.

डब्यात ओलावा राखणारी पाकिटं घातली, बोवेडा कंपनीची, ६५ टक्क्यांची. पाकिटात क्षाराचं दाट द्रावण असतं आणि वरचा कागद फक्त वाफ जाऊ देतो. हवा कोरडी झाली की ते ओलावा सोडतं, ओली झाली की ओढून घेतं. आपल्या हवेला नेमकं हेच हवं होतं. साधारण २५ सिगारना ६० ग्रॅमचं एक पाकीट. लाकडी पेटीला ६९ चं बरं, कारण लाकूड आपला वाटा पितं. हवाबंद डब्याला ६५ पुरतं. एकाच डब्यात दोन वेगळ्या टक्क्यांची पाकिटं ठेवू नका, ती एकमेकांशीच भांडत बसतात. पाकीट बोटांना मऊ लागतंय तोवर चालू आहे. आतून कडक, खडबडीत झालं की बदला. डब्यातली पाकिटं भर पावसाळ्यात जराशी फुगली आणि उन्हाळ्यात सपाट झाली, पण मापक हललं ते एखाद-दुसऱ्या टक्क्याने. तीच पाकिटं लाकडी पेटीत उन्हाळ्यात बघता बघता पापडासारखी झाली. पाकिटं फुकट मिळत नाहीत, आणि पेटीचा खरा खर्च हाच.

आता सेलोफेन, म्हणजे सिगारभोवती गुंडाळून येणारा पारदर्शक कागद. दुकानात विचारलंत तर जो तो वेगळं सांगणार. काढ, गुदमरते. ठेव, सुकते. दोन्ही अर्धवट.

सेलोफेन हे प्लास्टिक नव्हे. लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून ते करतात. जाक ब्रांडेनबर्गर ह्या स्विस माणसाने १९०८ च्या सुमारास शोधलं. त्यातून पाण्याची वाफ हळूहळू जाते-येते. त्यामुळे सिगार त्यात गुदमरत नाही आणि कायमची सुरक्षितही राहत नाही. डॉमिनिकन, निकाराग्वा, होंडुरासच्या सिगार बहुतेक सेलोफेनमध्ये येतात. क्यूबाच्या हातवळणीच्या बहुतेक खोक्यात उघड्याच. दोन्हीकडच्या सिगार वर्षानुवर्षं मुरवल्या जातात, म्हणजे मुरण्याला कागदाची अडचण नाही हे उघड आहे. फरक पडतो तो वेगाचा.

तो वेग वर्कशॉपच्या छोट्या वजनकाट्यावर दिसला. एकाच खोक्यातल्या दोन डॉमिनिकन सिगार, एक उघडी, एक कागदात, पावसाच्या दिवशी टेबलावर ठेवल्या. संध्याकाळपर्यंत उघडीचं वजन वाढलेलं. कागदातलीचा आकडा जेमतेम सरकलेला. काही दिवसांनी दोघींनी सारखाच ओलावा प्याला होता. म्हणजे कागद म्हणजे भिंत नव्हे, उशीर आहे. ज्याचा डबा चांगला त्याला हा उशीर नको; ज्याची पेटी गळकी, त्याला हाच उशीर वाचवतो. लाकडी पेटीतल्या उघड्या सिगारचं वरचं पान एप्रिलात बुडापासून उकललं, कागदातल्यांचं नाही.

हे आमच्या अप्पांना मी समजावून सांगावं म्हणजे गंमतच. अप्पांची उभी हयात निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेली. तिथला माल विडीचा, सिगारचा नव्हे. तो शेतातच उन्हात वाळतो, तर सिगारचं पान सावलीत वाळवून थप्प्या लावून आंबवतात. पण पान शेवटी तंबाखूचंच. वाळलेला पाला पहाटे दव असतानाच हलवायचा, ऊन चढल्यावर हात लावला की भुगा, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक. मालाचा ओलावा हाताने बघायचा आणि त्यावर भावाची घासाघीस चालायची. १९८१ साली शेतकरी महामार्गावर बसले ते भावासाठीच, आणि त्या एप्रिलातल्या गोळीबाराची आठवण निघाली की अप्पा अजूनही विषय बदलतात.

मी डब्यातल्या दोन सिगार, एक उघडी, एक कागदातली, त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी वास घेतला नाही, बघितलंही नाही. अंगठा आणि दोन बोटांत धरून कानाजवळ हलकेच दाबली.

"ही कागदातली अजून ओली हाय बघ," म्हणाले. "बोलंना. उघडी बोलतीय."

"अप्पा, दोन्ही एकाच डब्यातल्या आहेत."

"आसंल. ही मागनं आत ठेवलीयास तू."

खरंच मागून ठेवली होती. कुरकुर न करता दबली तर ओली, कचकन आवाज आला तर कोरडी, मधे हलकं कुजबुजली तर माल तयार. मापक मिठाला लावून झाल्यावरही ही परीक्षा मी सोडलेली नाही. मग अप्पांनी किंमत विचारली. मी खोटी सांगितली, तरी ते म्हणाले, "एवढ्यात इडीची किती बंडलं येतील?" बरोबरच आहे. महाग आहे म्हणून ती औषध होत नाही. तंबाखू ती तंबाखूच, आणि त्या गावात विड्या वळणाऱ्या बायकांचे खोकले ऐकलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही. मी महिन्यातून एखादी ओढतो, बाकी हा सगळा साठवण्याचा नाद.

कागद ठेवण्याची आणखी दोन कारणं आहेत, आणि ती माझ्या मते ओलाव्यापेक्षा मोठी. पहिलं म्हणजे हाताळणी. सिगारचं वरचं पान कांद्याच्या पापुद्र्याएवढं नाजूक असतं. गोव्याहून चोर्ला घाटातून गाडीच्या डिकीत येणारी सिगार उघडी आणायची म्हटलं तर कणकुंबीच्या वळणांवरच तिचं पान जाणार. दुसरं म्हणजे किडा. तंबाखूचा तो तांबूस, दोन-तीन मिलिमीटरचा भुंगा वखारीत सगळ्यांच्या ओळखीचा. त्याची अळी सिगारमध्ये सुईएवढी भोकं पाडते. अंडी कधीकधी पानातूनच येतात, आणि तापमान २४-२५ अंशांपुढे गेलं की जागी होतात. बेळगावचा मे आठवा. सेलोफेन किड्याला कायमचं अडवत नाही, तो कुरतडून बाहेर येऊ शकतो. पण एका कागदात बारीक भुकटी दिसली की शेजारच्या वीस सिगार वाचवायला वेळ मिळतो. नवा माल आला की मी झिपच्या पिशवीत घालून तीन दिवस फ्रीजरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मग बाहेर, असं करतो. थेट बाहेर काढली तर पान फुटतं. ह्या वेळी कागद काढलेला नसावा, नाहीतर बर्फाचं दव थेट पानावर बसतं.

मग कागद काढायचा कधी? माझ्याकडे दोन डबे आहेत. एकात एकाच जातीच्या सिगार, वर्ष-दोन वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर ठेवलेल्या. त्यांचे कागद काढलेत. ताज्या मालाला आंबवणीचा अमोनियासारखा जो उग्र दर्प असतो तो उघड्यांचा लवकर उतरतो, आणि सीडरचा वास पानाला लागतो. महिन्यातून दोनदा झाकण उघडून हवा बदलायची, कारण प्लास्टिक तो दर्प स्वतःहून बाहेर जाऊ देत नाही. साडेचारचे पाच झाले नाहीत ते ह्यामुळेच. दुसऱ्या डब्यात भेळ: इकडची एक, तिकडची दोन, पाहुण्यांनी दिलेली एखादी. तिथे कागद तसाच, म्हणजे एकीचा वास दुसरीला कमी लागतो. मात्र व्हॅनिला किंवा चेरीचा वास घातलेली सिगार कुठल्याही डब्यात, कागदासकट सुद्धा, ठेवू नका. तिचा वास सगळ्या मालाला लागतो आणि जात नाही.

मधला मार्गही आहे: कागद काढायचा नाही, फक्त बुडाकडची दुमडलेली घडी कात्रीने उडवायची. हवा खेळते, पानाला हात लागत नाही. कागद काही वर्षांत पिवळा, मग मधाच्या रंगाचा होतो. तंबाखूतलं तेल त्यात उतरतं, खराबी नव्हे. जुना माल म्हणून विकणाऱ्याच्या हातात नव्यासारखा स्वच्छ कागद दिसला तर मात्र भाव विचारू नका, पुढे चला.

घ्यायचं काय, तर चार-सहा सिगार आणून महिन्याभरात संपवणाऱ्याने ह्यातलं काहीच घेऊ नये. झिपची जाड पिशवी, एक लहान पाकीट, कागद जसाच्या तसा, कपाटाच्या खालच्या फळीवर. वीसच्या पुढे गेलात तर खटक्यांचा डबा, पण रिंग सिलिकॉनची आहे का बघा आणि डबा नवाच घ्या. मसाल्याचा वास राहिलेला डबा कितीही धुतला तरी सिगारला हळद-जिरं लागतंच. लाकडी पेटी पाहिजेच असेल तर दुकानात जाऊन घ्या, आणि दहाची नोट बरोबर न्या. चारही बाजूंनी लावून बघा, विशेषतः मागून.