वेढा बघायचाय, तर वासोटा की अजिंक्यतारा?

"मामा, एकच रविवार मोकळा आहे. वासोटा करू की अजिंक्यतारा?" भाच्याचा पुण्याहून फोन. नुसता ट्रेक म्हणून विचारलं असतं तर वासोटा म्हणून मोकळा झालो असतो. पण त्याला वेढा समजून घ्यायचाय. आत कोंडलेले कुठे होते, बाहेरचे कुठे बसले होते. याच नादात मी दोन्ही किल्ल्यांवर फिरलोय, सातारा शहराच्या डोक्यावरच्या अजिंक्यताऱ्यावर जरा जास्तच.

वासोटा आडरानात, म्हणूनच तर त्याचा तुरुंग झाला. १८१८ मध्ये सातारच्या छत्रपतींच्या घरची माणसं आणि हंटर, मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी तिथे पेशव्यांच्या कैदेत होते. इंग्रजांच्या जनरल प्रिट्झलरने समोरच्या जुना वासोटा म्हणतात त्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि ६ एप्रिलला गड पडला. दरीपलीकडचा तो जुना वासोटा इतका जवळ दिसतो की तिकडून कोणी हाक मारली तर ओ द्यावीशी वाटते. त्या जंगलातून तोफा वर कशा ओढल्या असतील, हे कोडं तिथे उभं राहिल्याशिवाय पडत नाही. त्याच्या काही वर्षं आधी याच गडावरून ताई तेलिणीने पेशव्यांच्या सेनापतीला, बापू गोखल्यांना, कित्येक महिने झुंजवलं होतं. एवढं सगळं वासोट्याच्या बाजूने आहे.

माझं गाडं अडलं ते बोटीवर. बामणोली गावाहून शिवसागर जलाशय ओलांडायचा, मग जंगलातली चढण, आणि अंधाराच्या आत परत. अभयारण्य आहे, मुक्काम नाही, त्यात कोणाचं चुकत नाही. पण मागच्या खेपेला आम्ही वर पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता आणि नाववाल्याने बजावलं होतं, चारला खाली. डबा खाल्ला, चुन्याचा घाणा बघितला, जुन्या वासोट्याकडे बोट दाखवलं आणि उतरलो. महिनोन्महिने रेटलेला वेढा मी पाऊण तासात, घड्याळात बघत बघत उरकला. तेव्हापासून मन थोडं फिरलं, खरं सांगतो.

अजिंक्यताऱ्यावर ही घाई नाही. प्रक्षेपणाचे मनोरे डोळ्यांत खुपतात, सकाळी चालायला येणाऱ्यांची गर्दी असते, रानातल्या गडाची भीती तर नाहीच. पण उत्तरेच्या तटावर बसलं की खाली करंजे दिसतं. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाची छावणी तिथेच पडली होती. दुसऱ्या अंगाला सज्जनगड, म्हणजे तेव्हाची परळी. किल्ल्यात दाणागोटा दोन महिनेही पुरेल इतका नव्हता; तरी किल्लेदार प्रयागजी प्रभू चार महिन्यांवर टिकले. परळीहून मराठ्यांचे परशुराम त्र्यंबक शहजादा आझमचे हात ओले करून रसद पोहोचवत होते म्हणतात. तटावरून नुसती मान वळवली की छावणीही दिसते आणि रसदेची वाटही.

मंगळाई बुरुजापाशी मात्र सावकाश बसावं. १३ एप्रिल १७०० ला मोगलांनी इथे सुरुंग उडवले. पहिल्याने वरचे मराठे गाडले गेले, दुसरा उलटला आणि तटाचा ढिगारा खाली चढाईला सज्ज असलेल्या मोगलांवरच कोसळला. प्रयागजी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. पण राजाराम महाराज मार्चमध्येच सिंहगडावर वारले होते, धान्यही संपत आलेलं. २१ एप्रिलला किल्ला मोगलांच्या हवाली झाला आणि त्याचं नाव आझमतारा झालं. मी तिथे एकदा दोन तास बसलो होतो. उठ म्हणायला कोणी आलं नाही.

पावसाळ्यात वासोटा बंदच असतो, तेव्हा प्रश्नच मिटतो. एरवी जंगल, पाणी, दमणूक हवी असेल तर वासोट्याला तोड नाही; मी अडवणारा कोण.

भाच्याला दोन्ही बाजू सांगितल्या. वर म्हटलं, रविवारी सकाळी पोहे आमच्याकडेच खा, मामी वाट बघेल. बामणोलीची बोट गाठणाऱ्याला आमच्याकडे पोहे खायला सवड नसते, हे त्याला ठाऊक आहे.