नळ जोडणीच्या नावाखाली आमच्या गल्लीचे १,००,७०० रुपये गेले

आधी आकडा सांगतो. बारा घरांचे प्रत्येकी ६,८५० म्हणजे ८२,२००, आणि माझे एकट्याचे वरचे १८,५००. एकूण १,००,७०० रुपये. यातले ८०,१५० माझ्या मोबाईलवरून, मी स्वतः पिन दाबून पाठवले. गल्लीत सगळ्यांना हे माहीत आहे. आता तुम्हालाही कळू द्या, कारण हा माणूस अजून फिरतोय.

मी एसटीतून निवृत्त झालेला माणूस. शेवटची बावीस वर्षं डेपोत तिकीट आणि रोकडवर होतो. दुसऱ्यांच्या पैशाचा हिशोब रोज रात्री पैशापैशाला जुळवून मगच घरी जायचो. म्हणून तर गल्लीनं माझ्यावर विश्वास टाकला.

आम्ही छत्रपती संभाजीनगरला बीड बायपासच्या पलीकडे, सातारा-देवळाई भागात राहतो. गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला, वीस बाय तीसचा प्लॉट, बॉण्डवर, नुसत्या स्टॅम्पपेपरवर घेतलेला, २०१४ ला बांधलेलं घर. आमच्या गल्लीत महापालिकेचा नळ आजवर आलेला नाही. बोअर फेब्रुवारीतच तळाला जातो. त्यानंतर ५,००० लिटरचा खासगी टँकर ९०० रुपयांना, महिन्याला चार. प्यायला रोज एक जार, वीस रुपयांचा. म्हणजे महिन्याला ४,२०० रुपये नुसत्या पाण्याला, आणि माझी ईपीएस-९५ ची पेन्शन ३,१०० रुपये. पोरगा वाळूजला कंपनीत आहे म्हणून घर चालतं. आता मला सांगा, ६,८५० रुपयांत कायमचा नळ मिळतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? दोन महिन्यांच्या पाण्याएवढेसुद्धा पैसे नाहीत ते. मी लोभ केला असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यात आमच्या गल्लीत येऊन एक हौद भरून दाखवावा.

शहराच्या पाण्याची कथा मराठवाड्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. जायकवाडी पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, आणि शहरातल्या नळांनाही कित्येक दिवसांच्या अंतरानं पाणी. नवीन योजनेचं भूमिपूजन १२ डिसेंबर २०२० ला झालं तेव्हा आकडा १,६८० कोटींचा होता, पुढं तो २,७४० कोटींवर गेला. आमच्या गल्लीतही काळा पाइप पुरून गेले. खड्डे बुजवले, पण पाइपाचं तोंड चिंधी बांधून कोपऱ्यावर तसंच उघडं ठेवलं. त्या तोंडाकडं बघत आम्ही दोन उन्हाळे काढले. पाणी कधी, जोडणी कुणाकडं मागायची, फी किती, हे सांगायला एक माणूस नाही. नगरसेवकांची मुदत एप्रिल २०२० ला संपली, त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासकच होता. पूर्वी निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडता यायचं. हा भामटा नेमका त्या रिकाम्या जागेत येऊन बसला.

सुरुवात वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाली. एक कात्रण आलं, "नवीन जलवाहिनीवरून जोडण्या देण्यास सुरुवात". वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दोन्ही कापलेलं. कुणी टाकलं ते आजही नक्की सांगता येत नाही, कारण ते तिकडून इकडं ढकलत आलेलं होतं. तारीख कापलेलं कात्रण दिसलं की तिथल्या तिथं विचारा, पूर्ण पान टाका म्हणून. आम्ही हात जोडल्याच्या खुणा टाकत बसलो.

३ मार्च २०२५, सोमवार. हा माणूस आला. तिशीतला, गळ्यात निळ्या फितीचं कार्ड, हातात मोजपट्टी आणि रजिस्टर. एकटा नव्हता, सोबत कुदळ घेतलेला मजूर होता. घराघराचं अंतर मोजलं, भिंतीवर खडूनं नंबर टाकले. मागितलं काहीच नाही. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाला, "काका, आमी ठेकेदाराची माणसं. सर्व्हे करायलोत फक्त." चार दिवसांनी परत आला आणि हिशोब मांडला. अर्ज १५०, अनामत २,५००, रस्ता फोडण्याचे १,७००, जोडणी आणि मीटर २,५००. बेरीज बरोबर ६,८५०. "मार्च एंडच्या आत भरून टाका, एक एप्रिलपासून रेट वाढायलेत. पाडव्याला तुमच्या गल्लीत पाणी."

समोरच्या रिक्षावाल्यानं तेव्हाच विचारलं होतं, "मामा, ह्याचं कार्ड हातात घेऊन बगितलं का तुमी?" मी त्या पोराला सगळ्यांसमोर झापलं. म्हणालो, चांगलं काम होतंय तर आडवं पडू नको. शेवटी त्यानंही माझ्याकडं बघून पैसे दिले. आता तो रोज दिसतो, राम राम करतो, एका शब्दानं काही बोलत नाही. तो बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

आठ घरांनी रोख माझ्याकडं जमा केली, कारण बायाबापड्यांना फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत. माझं नववं. ७ मार्चला त्यानं क्यूआर कोड पुढं केला, मी ६१,६५० टाकले. पिन दाबायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं, ते एका मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. मी विचारलं. तो म्हणाला, मेन खात्याचा सर्व्हर डाऊन आहे, हे सबठेकेदाराचं खातं. स्क्रीनवर जे नाव येतं तेच खरं, बाकी सगळी तोंडची वाफ. सरकारी पैसा खासगी माणसाच्या क्यूआरवर जात नाही. कधीच नाही.

पण ते नावही एक वेळ सोडा. मला रात्री झोप लागत नाही ती पावत्यांमुळं.

त्यानं नऊ पावत्या फाडून दिल्या, छापील, शिक्क्याच्या, क्रमांक ००४७ ते ००५५. दुसऱ्या दिवशी, ८ मार्चला, उरलेल्या तीन घरांनी त्याच्या हातात थेट रोख दिली, २०,५५० रुपये. संध्याकाळी त्यांच्या पावत्या मी पाहिल्या. ००३१, ००३२, ००३३. आदल्या दिवशीचा माणूस ००५५ वर थांबला आणि दुसऱ्या दिवशी ००३१ वर आला. क्रमांक मागं गेले होते!

ज्यांनी एसटीत नोकरी केली त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. कंडक्टरच्या तिकिटांचा चालू क्रमांक वेबिलाशी, म्हणजे त्याच्या फेरीच्या हिशोबाच्या कागदाशी, एकानं जरी चुकला तरी आम्ही त्याला खिडकीवरून हलू देत नव्हतो. मी स्वतः माणसं तासतासभर उभी केली आहेत एका तिकिटासाठी. क्रमांक पुढंच जातो, मागं जात नाही. आणि मी त्या तीन पावत्या हातात घेऊन, चष्मा लावून, ओट्यावर बसून बघितल्या. पोटात काहीतरी हललं. आणि मी मनाची समजूत घातली की दुसरं पुस्तक असेल. शिक्का तोच, पुस्तकाचा नंबर तोच, तरी दुसरं पुस्तक असेल! त्या संध्याकाळी मी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला असता तर पैसे जाऊन एकच दिवस झाला होता. काहीतरी अडलं असतं. मी केला नाही. कारण तोवर गल्लीभर मीच सांगत फिरलो होतो की माणूस पक्का आहे, आणि आता नाही कसं म्हणायचं.

वरचे १८,५०० कसे गेले तेही सांगून टाकतो. २१ मार्चला तो एकटाच माझ्याकडं आला. म्हणाला, गुंठेवारी नियमित नसेल तर जोडणी अडकंल, तुमची फाईल मी करून देतो. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात बसवली, हे त्यानं घडाघडा सांगितलं. ते खरं आहे. मी पेपरात वाचलेलं होतं. त्याचं खरं ऐकून मी त्याच्या खोट्याला पैसे दिले. गुंठेवारीच्या फाईलला वास्तुविशारदाचा नकाशा लागतो, मोजणी लागते, पैसे चलनानं भरावे लागतात. ओसरीवर बसून कुणी ती करून देत नसतं.

३० मार्चला पाडवा. गुढ्या उभारल्या आणि बाया कोपऱ्यावरच्या त्या पाइपाच्या तोंडाशी हंडे घेऊन गेल्या. मी पण गेलो. नऊ वाजले, अकरा वाजले. त्याचा फोन आधी वाजत होता, मग बंद. पुरणपोळी कुणाच्या घशाखाली उतरली नाही. ३१ ला ईदची सुटी.

१ एप्रिलला मी पावत्यांची थैली घेऊन वॉर्डाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं पावती उलटीपालटी केली आणि म्हणाला, ही आमची नाही. आमची नाही हे मलाही कळलंय रे बाबा, पण तुमच्या नावाचा शिक्का मारून कुणी पैसे गोळा करतोय, तर तुम्ही काय करणार? "तुम्ही पोलिसात जा." लेखी द्या म्हटलं, तर साहेब मीटिंगला. पाणीपुरवठ्याच्या खिडकीवर म्हणाले, ती योजना आमच्याकडं नाही, दुसऱ्या खात्याकडं आहे. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, जोडण्यांचा विषय आमच्याकडं नाही, वॉर्डात जा. एका दिवसात चार कार्यालयं आणि रिक्षाला ३४० रुपये. एकानंही ती पावती झेरॉक्स करून ठेवून घेतली नाही. एकानंही म्हटलं नाही की आम्ही वसाहतीत एक फलक लावतो, लोकांना सावध करतो. करवसुलीची थकबाकी सांगायला मात्र यांची गाडी भोंगा लावून गल्लीत येते.

पोलीस ठाण्यात याहून वाईट. तिथं म्हणाले मोबाईलवरून पैसे गेलेत, सायबरला जा. सायबरला म्हणाले माणूस समोर आला होता, रोख पण घेतली, हे सायबर नाही, ठाण्यात जा. परत ठाण्यात. तिथला अंमलदार माझे कागद बघून म्हणाला, "पैसे तुम्हीच गोळा केले ना? मग आधी तुमचाच जबाब घ्यावा लागंल. विचार करा आणि मग सांगा." आयुष्यात माझ्यावर एक मेमो नाही. मी बाहेर येऊन बाकड्यावर बसलो आणि हातपाय थरथरायला लागले. त्या दिवशी मी तक्रार न देता घरी आलो, आणि त्यांना हेच पाहिजे होतं.

तुम्ही घरी येऊ नका. तक्रार लिहून न्या, दोन प्रती, एकीवर पोच घ्या. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ आहे. घेतलीच नाही तर तीच तक्रार पोस्टानं वरिष्ठांना पाठवा. मी तशी पाठवली तेव्हा कुठं १९ एप्रिलला गुन्हा दाखल झाला. फसवणुकीचं कलम लागलं, जुन्या भाषेत चारशेवीस. १९३० वर नोंदवलेल्या तक्रारीत त्या खात्यात गोठवायला निघाले ते १,१४० रुपये. बाकी त्यानं केव्हाच काढून घेतलेले.

माहिती अधिकाराचा अर्जही टाकला, दहा रुपयांचं तिकीट लावून. विचारलं की हा इसम तुमचा आहे का, आणि आमच्या भागात जोडणीचे अर्ज घेणं सुरू आहे का. सत्तेचाळीस दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, की असा कोणीही प्रतिनिधी नेमलेला नाही. हेच उत्तर मला ३ मार्चला एका फोनवर मिळालं असतं तर? कुणाला करायचा होता तो फोन? म्हणून सांगतो, पैसे मागणारा दारात उभा असताना घरातल्या एकानं मोटारसायकल काढून कार्यालयात जाऊन यावं. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या. घाई करणाऱ्याला पहिल्यांदा बाहेर काढा.

कोपऱ्यावरच्या अक्का चार घरी धुणीभांडी करतात. त्यांनी बचत गटातून उचल घेऊन पैसे दिले होते, हप्ता अजून चालू आहे. त्यांचे आणि पाठीमागच्या एकट्या राहणाऱ्या मावशींचे, असे १३,७०० मी माझी ठेव मोडून परत केले. अक्का घेत नव्हत्या. म्हणाल्या, "तुमचं बी गेलंच की दादा." बाकीच्या घरांना मी सांगितलंय की हळूहळू देतो. कुणी मागितले नाहीत, पण मी वहीत लिहून ठेवलंय.

आता ऑगस्ट लागलाय. गेल्या आठवड्यात पडेगावकडच्या एका ताईंचा फोन आला, ओळखीतून नंबर काढून. त्यांच्याकडं निळ्या फितीचं कार्ड घातलेला एक जण मोजपट्टी घेऊन येऊन गेलाय, एका घरानं पैसे दिलेत. मी विचारलं, पावतीचा क्रमांक काय? त्या म्हणाल्या, ००३४.

मी लगेच ठाण्यात गेलो, पुस्तकाचा नंबर आणि तिन्ही जुन्या पावत्या टेबलावर ठेवल्या. तपास अधिकारी रजेवर आहेत, सोमवारी या म्हणाले. तिथून मी रिक्षा करून सरळ पडेगावला गेलो, आणि त्या गल्लीत दारोदारी या पावत्यांच्या झेरॉक्स वाटल्या. त्यांच्याकडं तो शुक्रवारी पैसे न्यायला येणार आहे. मी गुरुवारी रात्रीच मुक्कामाला जातोय. रिक्षावाला म्हणाला, मामा, मी पण येतो.