‘बॅराज’ची नोंद आणि एक शब्दकोश-ॲप

अनुवादाच्या कामासाठी गेले काही महिने मी एक इंग्रजी-मराठी शब्दकोश-ॲप वापरतो आहे. एका नोंदीवरून कोशाला गुण देणे थोडे अन्यायाचेच, तरीही ‘बॅराज’ या शब्दापाशी त्याचे गुणदोष एकदम उघडे पडले.

ॲपने पहिला अर्थ ‘बंधारा’ आणि दुसरा ‘भडिमार’ असा दिला आहे. दोन्ही बरोबर आहेत. पण पाणी अडवणाऱ्या भिंतीचा तोफांशी काय संबंध, हे नोंद सांगत नाही. फ्रेंचमध्ये हा शब्द अडथळ्याचा आहे. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या पायदळाची वाट तोफगोळ्यांच्या पडद्याने रोखण्याला तेथे ‘तिर द बराज’ म्हणत. ते इंग्रजीत आले आणि पुढे अडवणे मागे पडून मारा तेवढा उरला. हा धागा सुटल्यामुळेच दुसऱ्या महायुद्धातल्या ‘बॅराज बलून’साठी ॲपने ‘भडिमार फुगा’ असा प्रतिशब्द बेधडक दिला आहे. वास्तविक ते फुगे कोणावरही मारा करत नसत. कमी उंचीवरून येणाऱ्या शत्रूच्या विमानांना त्यांच्या पोलादी तारांचा अडसर व्हावा, म्हणून ते आकाशात बांधून ठेवलेले असत.

मराठी बाजू त्याहून उणी आहे. ‘प्रश्नांचा भडिमार’ हे उदाहरण चोख, पण त्याखालीच ‘अभिनंदनाचा भडिमार’ छापले आहे. अभिनंदनाचा वर्षाव होतो. वर्षाव फुलांचा होतो तसा शिव्यांचाही होतो, भडिमाराला मात्र नकोसेपणाची छटा असते. म्हणून जाहिरातींचा भडिमार आपल्याला लगेच पटतो. ‘सरबत्ती’ प्रश्नांची होते, आरोपांच्या ‘फैरी’ झाडल्या जातात, आणि फैर हे इंग्रजी ‘फायर’चेच मराठीत मुरलेले रूप असूनही या इंग्रजी-मराठी कोशात तिला जागा मिळालेली नाही. ‘भडिमार’ला ‘करणे’ आणि ‘होणे’ ही दोन्ही क्रियापदे लागतात, एवढे तरी नोंदवायला हवे होते.

शोध झटकन लागतो, अक्षरे सुबक आहेत आणि इंटरनेटशिवायही काम चालते. बातमी वाचताना एखादा शब्द अडला, तर हे ॲप पुरेसे आहे. अनुवादासाठी मी ते उघडतो, पण तेथे सापडलेला शब्द वाक्यात बसवण्यापूर्वी छापील कोश काढून पाहतो.