‘एफ रोड बंद आहेत’ : आइसलँडच्या फोटो टूरमधली फसवणूक आणि ती आधीच ओळखायची कशी

पैसे घेऊन माणूस गायब झाला, अशी ही फसवणूक नाही. विमान वेळेवर सुटतं, हॉटेल मिळतं, जेवणही मिळतं. दहा दिवसांनी सगळे सुखरूप घरी येतात. ज्या जागेसाठी पैसे भरले ती जागा मात्र दिसत नाही, आणि दोष रस्त्यावर ढकललेला असतो. म्हणून बहुतेक लोक तक्रारही करत नाहीत. निसर्गापुढे कोण काय करणार, असं म्हणून गप्प बसतात.

आम्हा आठ जणांना विकलेला कार्यक्रम असा होता: ऑगस्टचा दुसरा आठवडा, लांडमानालॉयगारच्या हटमध्ये (डोंगरातल्या साध्या निवाऱ्यात) दोन रात्री, लांगिस्योर तलाव, माइलिफेलचा हिरवा डोंगर, शेवटी आस्क्या. मिळालं ते असं: वीक गाव, काळ्या वाळूचा किनारा, स्कोगाफॉस धबधबा, योकुलसारलोनचं हिमनगांचं सरोवर. ही सगळी ठिकाणं देशाला वळसा घालणाऱ्या डांबरी रिंग रोडवर आहेत आणि कुठलीही साधी गाडी तिथे जाते. रोज सकाळी एकच वाक्य ऐकायला मिळालं, ‘एफ रोड बंद आहेत’. ते उघडे होते. चालत नव्हती ती आयोजकाने भाड्याने घेतलेली नऊ आसनी व्हॅन, कारण ती टू-व्हील ड्राइव्ह होती, म्हणजे इंजिनची ताकद दोनच चाकांना.

आइसलँडच्या मध्यभागातल्या कच्च्या डोंगरी रस्त्यांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर असतं. त्यांच्यावर फक्त फोर-व्हील ड्राइव्ह गाडी नेता येते आणि हा कायदा आहे. टू-व्हील ड्राइव्ह गाडी तिथे नेली तर विमा लागू होत नाही आणि भाडेकंपनी वेगळा दंड लावते. म्हणजे आयोजकाने गाडी बुक केली त्या दिवशीच तुमचा हायलँड्स, म्हणजे हा मधला डोंगराळ प्रदेश, रद्द झालेला असतो. ते तुम्हाला तिथे पोहोचल्यावर कळतं, आणि हवामानाच्या नावाने कळतं.

त्यामुळे पहिली मागणी गाडीच्या व्हाउचरची करावी. ‘एसयूव्ही किंवा तत्सम’ एवढ्यावर समाधान मानू नये. व्हाउचरवर गाडीचा प्रकार, ‘फोर-बाय-फोर’ हा शब्द, एफ रोडला परवानगी असल्याचा उल्लेख आणि चालकाचं नाव, ही चार गोष्टी असायला हव्यात. फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हणून ती सगळीकडे जाईल असंही नाही. छोटी एसयूव्ही उत्तरेकडून, ह्रोइनेयारच्या बाजूने, एफ-२०८ वरून लांडमानालॉयगारला जाते. त्या बाजूला पाणी लागतं ते अगदी शेवटी, कॅम्पच्या तोंडाशी, आणि गाडी अलीकडे लावून पायपुलावरून चालत जाता येतं. त्याच एफ-२०८ वर दक्षिणेकडून, एल्दग्याच्या बाजूने आलात तर एकामागून एक ओढे ओलांडावे लागतात. माइलिफेलकडे जाणाऱ्या एफ-२१० वर तर खऱ्या नद्या आहेत. तिथे उंच बांधणीची मोठी जीप आणि नदी ओलांडायची सवय असलेला चालक लागतो. कार्यक्रमात माइलिफेल आहे आणि गाडी छोटी एसयूव्ही आहे, तर दोहोंपैकी एक गोष्ट खोटी आहे.

नदीचा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची फसवणूक तिथेच होते. इंजिनला हवा घेणारी नळी पाण्याखाली गेली की सिलिंडरमध्ये पाणी शिरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन तिथेच संपतं. आइसलँडमध्ये भाड्याच्या गाड्यांचा नेहमीचा विमा नदीत झालेलं नुकसान भरून देत नाही, मग त्याला ‘फुल्ल कव्हर’ म्हणोत की आणखी काही. गाडीच्या पोटाला दगड लागून झालेलं नुकसान बहुतेक वेळा विम्याबाहेर असतं. वाऱ्याने दार उलटं फिरलं तर तेही. वाळू आणि राखेच्या वादळाने रंग खरवडला जातो, त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. काही आयोजक याच माहितीचा उपयोग करून परतीच्या आदल्या दिवशी ‘गाडीचं नुकसान झालंय, माणशी इतके द्या’ असं सांगतात. त्यावर भाडेकंपनीचं बिल मागावं, आयोजकाने टाइप केलेला कागद चालणार नाही. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, काच, चाकं आणि पोट यांचे फोटो काढून ठेवा. आपल्या सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे असतात, तरी हे फोटो कुणी काढत नाही.

आता तारखा. बर्फ वितळून जमीन सुकेपर्यंत हे रस्ते उघडत नाहीत. लांडमानालॉयगारचा उत्तरेकडचा रस्ता साधारणपणे जूनच्या मध्यापासून अखेरपर्यंत कधीतरी उघडतो. स्प्रेंगिसांदुरचा एफ-२६ आणि आस्क्याकडचे रस्ते जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला उघडतात. वेगागेर्दिन ही तिथली सरकारी रस्ते संस्था. मागच्या काही वर्षांत कुठला डोंगरी रस्ता लवकरात लवकर कधी उघडला, उशिरात उशिरा कधी आणि सरासरी तारीख काय, याचा तक्ता ती प्रसिद्ध करते. तो दोन मिनिटांत वाचून होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यातली ‘हायलँड्स टूर’ स्वस्त का असते, याचं उत्तर त्या तक्त्यात आहे. विमान आणि हॉटेल स्वस्त मिळतं, रस्ता उघडण्याची शक्यता जवळपास नसते, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असतं.

जाहिरातीतल्या फोटोंवरूनही बरंच कळतं. जुलैच्या टूरच्या पोस्टरवर लांडमानालॉयगारच्या रंगीत डोंगरांवर हिरवा अरोरा (रात्रीच्या आभाळात दिसणारा ध्रुवीय प्रकाश) दाखवला असेल, तर तिथेच थांबावं. जूनच्या अखेरीस रेक्याविकमध्ये सूर्य मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो आणि तीनच्या सुमाराला उगवतो. मधे काळोख होतच नाही. अरोरासाठी ऑगस्टच्या अखेरीपासून पुढचा काळ लागतो. उन्हाळी सहलीत हिमनदीच्या पोटातल्या निळ्या गुहा दाखवल्या असतील तरी तोच प्रकार, त्यातल्या बहुतेक गुहा हिवाळ्यातच सुरक्षित असतात. तो फोटोच टाकून इंटरनेटवर शोध घेतला की तो मूळ कुणाचा आहे हेही बहुधा सापडतं. आयोजकाचा ‘मागच्या वर्षीचा फोटो’ दुसऱ्याच देशातल्या फोटोग्राफरचा निघणं ही नेहमीची गोष्ट आहे.

एका जागेऐवजी दुसरी देणं हा या फसवणुकीचा गाभा आहे, आणि आपल्याकडच्या लोकांच्या तो लवकर लक्षात येत नाही. काळा दगड, काळी वाळू दिसली की ज्वालामुखी पाहिला असं वाटतं. पण सगळा लाव्हा सारखा नसतो. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. वीकजवळच्या किनाऱ्यावरचे खांबही बेसॉल्टचे, आणि तसे खांब अंधेरीच्या गिल्बर्ट हिलमध्ये आहेत. लांडमानालॉयगारला लोक जातात ते ऱ्हायोलाइटसाठी. हा सिलिका जास्त असलेला फिकट दगड गरम पाण्याने आणि वाफेने शिजून पिवळा, गुलाबी, हिरवट, विटकरी झालेला आहे, आणि शेजारी काळ्या काचेसारखा ऑब्सिडियन. आस्क्या आणखी वेगळं आहे. १८७५ च्या उद्रेकानंतर जमीन खचून ओस्क्युवात्न सरोवर तयार झालं आणि त्याच्या काठावर वीतीचं कुंड आहे. भोवतालचं वाळवंट इतकं चंद्रासारखं की १९६५ आणि १९६७ साली अपोलोच्या अंतराळवीरांना भूगर्भशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी तिथे नेलं होतं. ‘चंद्रासारखी जमीन’ हे शब्द पोस्टरवर वापरायचे आणि रिंग रोडच्या कडेला शेवाळ्याने भरलेलं लाव्हाचं मैदान दाखवायचं, ही अदलाबदल आहे. कार्यक्रमात जागांची नावं आणि रस्त्यांचे क्रमांक लेखी असतील तरच ती पकडता येते. ‘ज्वालामुखी प्रदेशातील निवडक स्थळे’ असं लिहिलेलं असेल तर पुढे कुठेही दाद लागत नाही.

अंतरांचं गणितही करून बघावं. रेक्याविकहून उत्तरेकडचं मीवात्न सुमारे ४८० किलोमीटर. मीवात्नहून आस्क्या बघून परत यायला जीपने अकरा-बारा तास लागतात. आस्क्याजवळच्या द्रेकीच्या हटपासून पुढे आठ किलोमीटर गाडीने आणि मग अडीच किलोमीटर चालत, तेव्हा सरोवराचा काठ येतो. ‘दिवस ५ : सकाळी लांडमानालॉयगार, संध्याकाळी आस्क्या’ असं लिहिणाऱ्याने तो रस्ता पाहिलेला नाही. शिवाय फोटोग्राफीच्या सहलीत ट्रायपॉड लावून एका जागी दोन-तीन तास थांबायचं असतं. रोज तीनशे किलोमीटर गाडी चालत असेल तर ती साधी पर्यटन सहल आहे आणि किंमत वर्कशॉपची लावली आहे.

हटची पावती मागा. लांडमानालॉयगारची हट फेर्दाफेलाग इस्लांड्स ही भटकंती संस्था चालवते, द्रेकीची अकुरेरीची संस्था. जागा मोजक्या असतात, झोपायला एकत्र बंक असतात आणि स्लीपिंग बॅग आपली न्यावी लागते. उन्हाळ्यातल्या तारखा महिनोन् महिने आधी भरतात. बुकिंगवर गटाचं नाव, रात्री आणि माणसांची संख्या असते, आणि संस्थेला ईमेल करून ती स्वतः पडताळता येते. आयोजक ‘हटमध्ये खासगी खोली, चार्जिंगची सोय’ म्हणत असेल तर त्याने बुकिंग केलेलं नाही. दिवसभरासाठी गाडीने जायचं असलं तरी लांडमानालॉयगारच्या पार्किंगला २०२४ पासून उन्हाळ्यात आगाऊ नोंदणी सुरू झाली. त्या नोंदणीची प्रतही मागून घ्यावी.

परवान्याची बाब बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. आइसलँडमध्ये सहली विकणाऱ्याकडे फेर्दामालास्तोफा या पर्यटन मंडळाचा परवाना असावा लागतो. परवानाधारकांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर आहे. पैसे घेऊन प्रवासी नेण्यासाठीही वेगळा परवाना असतो. इथून गेलेला ‘मेंटॉर’ स्वतःच्या नावाने व्हॅन भाड्याने घेतो आणि पैसे घेतलेले आठ पाहुणे घेऊन फिरतो, तेव्हा यापैकी काहीच त्याच्याकडे नसतं. भाडेकराराच्या अटीही त्याने मोडलेल्या असतात. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. इथल्या आयोजकाने तिथल्या परवानाधारक कंपनीबरोबर काम करणं हा योग्य मार्ग आहे. त्या कंपनीचं नाव करारात असलं पाहिजे आणि तिला तुम्ही थेट ईमेल करून विचारलं पाहिजे.

‘ड्रोन सेशन’ समाविष्ट आहे असं सांगत असतील तर परवानगीचा कागद बघा. लांडमानालॉयगार ज्यात येतं ते फ्यालाबाक हे राखीव क्षेत्र आहे, आस्क्या वाटनायोकुल राष्ट्रीय उद्यानात आहे, आणि दोन्हीकडे ड्रोनला नियम लागू आहेत. व्हिसासाठी आयोजकाने बनावट बुकिंग जोडलं असेल तर ते अर्जदाराच्या, म्हणजे तुमच्या नावावर जातं, त्याच्या नाही.

पैसे कसे घेतले यावरूनही बरंच कळतं. भारतातून परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याने टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर) घेऊन तो तुमच्या पॅनवर जमा करणं बंधनकारक आहे. तो आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर दिसतो आणि विवरणपत्रात वजा करून घेता येतो. ‘टीसीएस टाळून देतो, बचत खात्यावर यूपीआय करा’ असं कुणी म्हणालं, तर कागदोपत्री त्याने तुम्हाला सहल विकलेलीच नसते. पुढे भांडायला गेलात की ‘मित्रांनी मिळून केलेला प्रवास, खर्च वाटून घेतला’ असं उत्तर येतं. आमच्या बाबतीत नेमकं हेच उत्तर आलं. जीएसटी क्रमांक असलेलं बिल घ्यावं, तो क्रमांक जीएसटी पोर्टलवर तपासावा, आणि जमेल तेवढी रक्कम क्रेडिट कार्डाने भरावी. काम न झाल्यास बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचे पैसे परत, मागता येतो.

तिथे पोहोचल्यावर ‘रस्ता बंद’ ऐकलं तर लगेच उम्फेर्दिन डॉट आयएस उघडा किंवा १७७७ वर फोन लावा. वेगागेर्दिनची माहिती इंग्रजीतही मिळते. प्रत्येक एफ रोडची त्या क्षणाची स्थिती नकाशावर असते. तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट रोज सकाळी घ्या. आणखी भक्कम पुरावा म्हणजे हायलँड्सची बस. उन्हाळ्यात रेक्याविकहून लांडमानालॉयगारला ठरलेल्या वेळेच्या बसेस जातात. त्या दिवशी बस गेली असेल तर रस्ता उघडाच होता. जागा असेल तर आयोजकाला लेखी कळवून त्याच बसने जा, तिकीट जपून ठेवा आणि तो खर्च नंतर मागा. खरोखर बंद होणारे रस्तेही असतात. २७ जुलै २०२४ ला मिर्दाल्सयोकुलच्या हिमनदीखालून आलेल्या पुराने स्काउल्म नदीपाशी चक्क रिंग रोड बंद पडला होता. अशा वेळी प्रामाणिक आयोजक सरकारी सूचना दाखवतो, वेगळा मार्ग सुचवतो आणि न झालेल्या रात्रींचे पैसे कसे परत करणार ते सांगतो. फसवणारा फक्त आभाळाकडे बोट दाखवतो.

परत आल्यावर आधी आयोजकाला लेखी नोटीस द्या: काय ठरलं, काय मिळालं, फरकाची रक्कम किती. व्हॉट्सॲपवरचे निरोप फोनमधून एक्स्पोर्ट करून ठेवा, कारण गटातून तुम्हाला काढलं जाईल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मग आयोजक कुठल्याही शहरातला असो. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पैसे घेऊन सहलच झाली नसेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर कराल तितकी खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पोलिसांत फसवणुकीची तक्रार आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली घेतली जाते. तक्रार आठही जणांनी मिळून द्यावी आणि प्रत्येकाने आपापली पावती जोडावी. एकट्याने गेलात तर आयोजक उरलेल्या सातांचे हसरे ग्रुप फोटो पुरावा म्हणून पुढे करतो.