चूक कबूल करणारे डॉक्टर: पाचपैकी चार तारे

सासूबाईंना आमवात आहे. मिरजेत ज्यांच्याकडे उपचार चालू आहेत, त्या दवाखान्याबद्दल लिहितेय. नाव देत नाही, कारण यात त्यांची एक चूक आहे आणि ती बारीकसारीक नाही.

आमवातावर मेथोट्रेक्सेटची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. इथल्या कॉम्प्युटरच्या चिठ्ठीवर ती 'रोज' म्हणून छापून आली, आणि मेडिकलवाल्यानेही काही न विचारता गोळ्या काढून दिल्या. थोड्याच दिवसांत सासूबाईंचं तोंड इतकं आलं की पाणी गिळवेना. परत नेलं तेव्हा डॉक्टरांनी आधी गोळ्यांचं पाकीट मागितलं, मग चिठ्ठी बघितली आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं. पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या.

रिपोर्ट आल्यावर ते स्वतः खाटेशी खुर्ची ओढून बसले. "आजी, गोळी आठवड्याला एक द्यायची होती, मी रोज दिली. चिठ्ठीवर सही माझी आहे, चूक माझी आहे." मग पुढचं सांगितलं: ती गोळी बंद, तिच्यावर उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं, रोज सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), ताप आला तर रात्री-अपरात्री फोन करा. सासूबाई म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं झालं. मला वाटलं, मिश्री भोवली!"

ॲडमिट होत्या तेवढ्या दिवसांचं बिल घेतलं नाही. पण मला जास्त पटलं ते डिस्चार्ज कार्ड. 'औषधाची रिॲक्शन' असलं काही गुळमुळीत न लिहिता, आठवड्याची गोळी चुकून रोज दिली गेली, असं सरळ लिहून दिलंय. १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर ग्राहक कायद्यात येतात. त्या कार्डावर केस उभी राहू शकते, हे त्यांना कळत नसेल असं थोडंच आहे? दीर म्हणत होते, जाऊ या ग्राहक आयोगात. आम्ही गेलो नाही. हेच जर दुसऱ्या डॉक्टरकडून कळलं असतं, तर मीच सगळ्यांच्या पुढे असते.

एक तारा कापलाय तो चिठ्ठीसाठी. आता डॉक्टर त्या गोळीपुढे पेनाने 'फक्त सोमवारी' लिहितात, पण गर्दीच्या दिवशी चिठ्ठी असिस्टंट काढून देतो आणि ते राहून जातं. मागच्या खेपेला मी परत आत जाऊन लिहून आणलं.